शिल्पकाराच्या हातची प्लेट: कृष्णा रेड्डींच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न बराच मोठा होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही शिल्पकला विभागात तिसऱ्या वर्षाला आहात. एका प्रदर्शनात कृष्णा रेड्डींचं ‘व्हर्लपूल’ हे मुद्राचित्र (प्लेट कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र) पाहिलंत, शेजारच्या पाटीवर ‘शिल्पकार आणि मुद्राचित्रकार’ अशी ओळख वाचलीत आणि तिथेच अडकलात. एकाच प्लेटवर, एकदाच प्रेसमधून काढून एवढे रंग येतात कसे, हा तुमचा पहिला प्रश्न. आयुष्यभर मोठमोठ्या शिल्पकारांच्या हाताखाली शिकलेला माणूस छपाईकडे वळला म्हणजे त्यानं शिल्प सोडलं का, हा दुसरा. आणि तुमचे सर म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, तर ग्राफिक, म्हणजे मुद्राचित्रण, हा जोडविषय घ्यावा की नाही, हा तिसरा. खरं तर याच तिसऱ्यासाठी तुम्ही लिहिलंय, असं मला वाटतं.

या तिन्हींच्या मुळाशी एक गृहीत आहे. मुद्राचित्र म्हणजे कागदावरचं सपाट चित्र आणि शिल्प म्हणजे भोवती फिरून पाहायची वस्तू, असं तुम्ही धरून चालला आहात. मग माणसाला एका घरातून उठून दुसऱ्या घरात जावं लागतं, असं वाटणारच. रेड्डींच्या बाबतीत ही विभागणीच चालत नाही. त्यांच्या लेखी जस्ताची प्लेट हेच शिल्प होतं आणि कागद हा त्याचा ठसा. हे ध्यानात आलं की रंगांचं कोडंही त्याच धाग्यानं सुटतं. माझं मूळ शिक्षण शिल्पकलेचं, पुढे धातूच्या प्लेटवर काम करू लागले आणि आता तेच शिकवते. त्यामुळे खाली रेड्डींची माहिती आहे तशी माझ्या टेबलावरची कारणंही आहेत.

रेड्डींचा जन्म 1925 साली आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात, नंदनूर गावी झाला. 1940 च्या दशकात ते शांतिनिकेतनात कलाभवनात शिकले. नंदलाल बोसांचा तो काळ. शिल्पकार रामकिंकर बैज आणि चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी तिथेच काम करत होते. रामकिंकरांचं ‘संथाल कुटुंब’ 1938 पासून तिथल्या आवारात उघड्यावर उभं आहे. सिमेंट आणि जांभ्याची खडी यांचं ते शिल्प. (आपल्या कोकणात घरं बांधतात तोच हा जांभा.) त्या खडबडीत पृष्ठभागावरून रोज ये-जा करताना ज्याची नजर फिरली असेल, त्याला गुळगुळीत जागेपेक्षा उंचसखल जागा अधिक बोलकी वाटली तर नवल नाही. शांतिनिकेतननंतर मद्रासच्या ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत त्यांनी कला शिकवली. मग लंडनला स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर, पॅरिसमध्ये ओसिप झाडकिन, पुढे मिलानमध्ये मारिनो मारिनी. ही नावं मुद्दाम ओळीनं दिली. यातला प्रत्येक जण शिल्पकार आहे. रेड्डी छपाईकडे आले ते मूर, झाडकिन यांच्यासारख्यांकडे घडलेले हात घेऊन, आणि ते हात त्यांनी बाहेर ठेवले नाहीत.

पॅरिसमध्ये त्यांना स्टॅन्ली विल्यम हेटर यांची ‘आतलिए 17’ ही कार्यशाळा सापडली. हेटर मूळचे रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेले. चित्रकलेत पूर्णवेळ येण्याआधी इराणच्या आबादानमध्ये तेल कंपनीत नोकरी केलेले. त्यांची कार्यशाळा 1927 साली सुरू झाली. महायुद्धाच्या काळात ती न्यूयॉर्कला गेली आणि 1950 च्या सुमारास पुन्हा पॅरिसला आली. तिथे कोणी गुरू आणि कोणी कारागीर अशी उतरंड नव्हती. प्रत्येकानं आपली प्लेट स्वतः कोरायची, स्वतः शाई लावायची, स्वतः छापायची, आणि जे सापडेल ते सगळ्यांसमोर ठेवायचं. रेड्डी तिथेच रमले. 1960 च्या दशकात ते हेटर यांच्याबरोबर कार्यशाळेचे सहसंचालक झाले. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1976 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथल्या विद्यापीठात शिकवू लागले आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथेच वारले. चरित्र एवढं पुरे. आता प्लेटकडे येऊ.

आधी छपाईतली जुनी अडचण सांगते. रंगीत मुद्राचित्र काढायचं तर पूर्वापार पद्धत म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, वेगळा ठोकळा किंवा वेगळा दगड. घाटकोपरला 1894 साली सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या रविवर्मा प्रेसमध्ये देवदेवतांची चित्रं दगडावरून छापली जायची, तीही अशीच रंगामागून रंग चढवत. यात सगळा जीव जातो तो एका रंगावर दुसरा रंग अचूक बसवण्यात. ओला कागद ताणतो, सुकताना आखडतो आणि केसभर सरकला तरी कडा दुहेरी दिसते. एचिंगमध्ये, म्हणजे ॲसिडनं कोरलेल्या प्लेटवरून छापताना, तर कागद ओलाच लागतो, त्यामुळे हा त्रास अधिकच. हेटर 1940 च्या दशकापासून एकाच प्लेटवर अनेक रंग एकदम छापण्याच्या खटपटीत होते. त्या खटपटीला 1950 च्या दशकात जे निर्णायक वळण मिळालं, त्यात कृष्णा रेड्डी आणि काईको मोती या दोन भारतीयांचा मोठा वाटा आहे. मोती मुंबईत जन्मलेले, सुरुवातीचं कलाशिक्षणही मुंबईतच झालेले. आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

या पद्धतीला आपण व्हिस्कॉसिटी (म्हणजे शाईचा घट्ट-सैलपणा) म्हणतो. तिचे पाय दोन आहेत: प्लेटवरच्या पातळ्या आणि शाईतलं तेल.

पातळ्या म्हणजे काय, ते तुम्हाला समजावण्याची गरज नाही, तुम्ही उठावशिल्प केलेलं असणार. जस्ताची जाडसर प्लेट घ्यायची. जिथे काही करायचं नाही तो भाग झाकून बाकीचा ॲसिडमध्ये खाऊ द्यायचा. मग आणखी काही भाग झाकून उरलेला आणखी खोल न्यायचा. ढोबळमानानं तीन मजले तयार होतात: वरचा सपाट, मधला आणि अगदी तळातल्या खाचा. आता सगळ्यात आधी तळाची शाई. ती घट्ट असते. हातानं प्लेटभर चोळायची, खाचांत भरायची आणि कडक जाळीच्या कापडानं, ज्याला आम्ही टार्लटन म्हणतो, वरची पुसून काढायची. एक रंग झाला. मग कडक रबराचा रोलर घ्यायचा आणि त्यावर तेल घालून सैल केलेली शाई. कडक रोलर दबत नाही, म्हणून तो फक्त वरच्या मजल्याला स्पर्श करतो. दुसरा रंग झाला. शेवटी मऊ रोलर, त्यावर घट्ट, कमी तेलाची शाई. मऊ रोलर दबतो आणि मधल्या मजल्यापर्यंत उतरतो. पण उतरताना तो वरच्या मजल्यावरूनही जातोच, मग तिथे दोन रंगांचा राडा का होत नाही?

सगळी गंमत याच प्रश्नात आहे. घट्ट शाई स्वतःच्या अंगाला धरून असते. खाली तेलकट थर आला की तिला पकड मिळत नाही, ती रोलरवरच राहते. जिथे तेलकट थर नाही, म्हणजे मधल्या मजल्यावर, तिथे मात्र ती धातूला चिकटते. त्यामुळे वरचा रंग वर आणि मधला मध्ये, दोघं आपापल्या जागी राहतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी घट्ट आणि नंतर सैल, तर सैल शाई घट्ट शाईवर बसते आणि तिसराच रंग दिसतो. रोलरचा घेर एवढा हवा की एका फेरीत पूर्ण प्लेट झाली पाहिजे. पुन्हा पुन्हा फिरवलं की रोलरनं एकीकडून उचललेली शाई दुसरीकडे टेकते आणि सगळं गढूळ होतं. मग प्लेट प्रेसवर, वर ओला कागद, त्यावर लोकरीची ब्लँकेट्स आणि एकदाच दाब. ओला कागद तिन्ही मजल्यांत शिरतो आणि प्रत्येक मजल्याचा रंग उचलून आणतो.

आता शिल्पकाराच्या हाताचा मुद्दा. वर सांगितलेलं तंत्र कोणीही शिकू शकतो, आणि निव्वळ तंत्र शिकून केलेली मुद्राचित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. तीन मजले, तीन रंग आणि रंगांमध्ये सुरीनं कापल्यासारख्या कडा. का? कारण ॲसिडनं खाल्लेल्या जागेची भिंत उभी असते. वरून थेट खाली. रोलरला मध्ये थांबायला जागाच नाही, म्हणून रंगालाही मधली छटा नाही. रेड्डींच्या प्लेटकडे पाहा. ते ॲसिडवर थांबत नाहीत. ब्युरिन या टोकदार कोरणीनं कोरतात, स्क्रेपरनं खरवडतात, विजेवर चालणाऱ्या घासणीच्या यंत्रानं धातू उतरवतात. उभ्या भिंतीचा उतार होतो. मऊ रोलर त्या उतारावर हळूहळू कमी दाबानं टेकत जातो आणि एक रंग दुसऱ्यात विरत जातो. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी की यू अक्षरासारखी, यावर तिथली शाई किती राहणार आणि कागद किती आत जाणार, हे ठरतं. म्हणजे रंगाची छटा ब्रशनं नव्हे, धातूच्या उतारानं ठरते. उतार किती ठेवायचा हा निर्णय चित्रकाराचा कमी आणि मातीत बोटं घातलेल्या माणसाचा जास्त.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पुन्हा कधी ‘व्हर्लपूल’ समोर आलं तर भिंग घेऊन जा. मध्याभोवती फिरत बाहेर पसरणाऱ्या त्या आकारांत रंग सलग पसरलेला वाटतो, पण बारीक पाहिलं की तो तुटक आहे. रेड्डी प्लेटचा वरचा थर बारीक ठिपक्यांत, तुकड्यांत फोडून टाकतात. मग वरच्या ठिपक्यावर एक रंग आणि त्याच्या लगतच्या खळग्यात दुसरा, असे रंग शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचं मिश्रण आपल्या डोळ्यात होतं. शाई शाईत मिसळली की रंग मळतो. शेजारी ठेवली की रंग जिवंत राहतो. यासाठी प्लेटचा इंच न इंच हातानं घडवावा लागतो. 1952 मधलं ‘फिश’, 1963 मधली ‘वेव्ह’ आणि ‘व्हर्लपूल’ यांतले विषय पाण्याचे, जिवांचे, हालचालीचे आहेत खरे. पण त्यांत पाण्याचं चित्र काढलेलं नाही. पाणी ज्या रीतीनं वाळू कोरतं त्या रीतीनं धातू कोरलाय, असं मला ते पाहताना प्रत्येक वेळी वाटतं.

हे सगळं फक्त पाण्याफुलांपुरतं होतं, असं मात्र समजू नका. 1968 साली पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा रेड्डी तिथेच होते. त्याच वर्षीच्या ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’मध्ये माणसांची उभी, एकमेकांना खेटलेली गर्दी आहे. शिल्पकलेच्या विद्यार्थ्यानं हे काम आवर्जून पाहावं, कारण त्यातली माणसं रेषेनं वेगळी केलेली नाहीत. धातूत किती खोल आहेत यावरून कोण पुढे आणि कोण मागे ते कळतं. उठावशिल्पात आपण हेच करतो.

आता ‘शिल्प सोडलं का’ या प्रश्नाला मी उलट प्रश्न विचारते: शिल्पाला जे शक्य नव्हतं ते प्लेटनं त्यांना काय दिलं? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली म्हणजे रंग. शिल्पाला रंग देता येतो, पण तो बहुधा वरून चढवलेला असतो. इथे खोली हीच रंग ठरवते, दोन्ही एकाच कृतीतून जन्मतात. दुसरी म्हणजे मध्ये मध्ये पाहण्याची सोय. दगड कोरताना जे गेलं ते गेलं. मागे काय होतं याची नोंद राहत नाही. प्लेटचं तसं नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, काढता येतं, भिंतीवर लावता येतं आणि चार दिवसांनी त्याच्याशी बोलत पुढचं कोरता येतं. रेड्डींच्या ‘ग्रेट क्लाउन’च्या कितीतरी वेगवेगळ्या रंगांतल्या प्रती आहेत. प्लेट तीच, शाईची घडण, रोलरचा क्रम आणि रंग बदलले की तोच विदूषक कधी उजळ, कधी खिन्न होतो. घरचे लोक विचारतात ना, ‘मग यातलं मूळ कुठलं?’ तुम्ही ब्राँझ ओतकाम केलं असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. साचा एक, ओतीव प्रती अनेक, आणि प्रत्येक प्रत शिल्पच. म्हणूनच प्रतीच्या खाली पेन्सिलीनं क्रमांक आणि सही असते.

रेड्डी एकटेच असे नाहीत, आणि दुसरं उदाहरण दिल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. सोमनाथ होर हे नेमके उलट्या वाटेनं आले. जन्म 1921, चितगाव जिल्ह्यातलं बरामा गाव. 1943 चा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तो कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रासाठी रेखाटला. चित्रकार चित्तप्रसादांनी त्यांना या कामात ओढलं. हे चित्तप्रसाद पुढे मुंबईला अंधेरीत येऊन राहिले आणि इथेच त्यांनी आपलं बरंचसं काम केलं. 1946 मध्ये होर उत्तर बंगालात तेभागा आंदोलनात गेले. पिकाचा दोन तृतीयांश वाटा कसणाऱ्याला हवा, अशी त्या कुळांची मागणी होती. तिथल्या शेतकऱ्यांची रेखाटनं आणि त्यांवरून केलेली काष्ठमुद्रा आजही अंगावर येतात. म्हणजे सुरुवात छपाईची. दिल्लीत आणि मग शांतिनिकेतनात त्यांनी ग्राफिक शिकवलं.

मग 1970 च्या दशकात ‘वूंड्स’ म्हणजे जखमा ही मालिका आली. या मालिकेत शाईच नाही. मातीच्या सपाट थरावर सुरीनं वार करायचे, भोकं पाडायची, चरे ओढायचे. त्या मातीवरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. सुकल्यावर निघतो तो पांढरा कागद आणि त्यावर पांढऱ्याच जखमा. दिसतात त्या फक्त सावलीमुळे. आता हे मुद्राचित्र की उठावशिल्प? मला तरी सांगता येत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही. तिथून ते ब्राँझकडे गेले. मेणाचे पातळ पत्रे दुमडून, फाडून, गरम सुरीनं चिरून त्यांची छोटी छोटी हाडकुळी माणसं घडवली आणि ती ओतली. 1977 मध्ये व्हिएतनामच्या लोकांच्या लढ्याला वाहिलेलं त्यांचं मोठं ब्राँझ, मूल घेतलेली आई, पुरं झाल्यावर थोड्याच दिवसांत कलाभवनातून चोरीला गेलं. ते परत कधीच मिळालं नाही. 2006 साली होर वारले. पुढच्या वर्षी पद्मभूषण जाहीर झालं.

दोघांना शेजारी ठेवा. रेड्डी शिल्पातून प्लेटमध्ये आले आणि खोलीतून रंग काढला. होर प्लेटमधून शिल्पात गेले आणि रंग पुसून नुसती खोली ठेवली. दोघंही पृष्ठभाग उकरत होते. ज्याला काय सांगायचं होतं त्याप्रमाणे त्यानं धातू, माती, लगदा, मेण निवडलं. झरीना हाश्मींचं उदाहरणही याच रांगेतलं. गणित शिकलेल्या झरीना पॅरिसला आतलिए 17 मध्ये शिकल्या, पुढे काष्ठमुद्रा करत राहिल्या आणि कागदाचा लगदा साच्यात घालून शिल्पंही घडवली. हेटर, रेड्डी आणि झरीना या तिघांचं एकत्र प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं 2016 मध्ये भरवलं होतं.

तेव्हा तुमच्या सरांच्या सल्ल्याबद्दल. सर चुकीचं सांगत नाहीत. महाराष्ट्रात शिल्पकाराचं पोट बहुतेक वेळा पुतळ्यांवर चालतं: चौकातला अश्वारूढ पुतळा, संस्थापकांचा अर्धपुतळा, ट्रॉफ्या, मूर्ती. या कामाला हात पक्का लागतो, शरीरशास्त्र पक्कं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षात ते पक्कं झालं नाही तर पुढे कोणी थांबून शिकवत नाही. ग्राफिक विभागात सगळा दिवस रोलर धुण्यात गेला आणि इकडे आर्मेचर (मातीकामाच्या आतला सांगाडा) अर्धवट राहिलं, ही भीती खरी आहे. शिल्पकाराच्या बहुतेक मुद्राचित्रांत मला जो दोष दिसतो तोही सांगते: ती शिल्पाची चित्रं असतात. पुतळ्याचं रेखाटन प्लेटवर उतरवलेलं, बास. तसंच करायचं असेल तर जोडविषयाचा उपयोग नाही. त्यापेक्षा वहीत रेखाटनं वाढवा.

बाकीचं तुमच्या परिस्थितीवर आहे. तुमच्या कॉलेजात चालू प्रेस आहे का? ॲसिडच्या खोलीला धूर बाहेर खेचणारा पंखा आहे का? नायट्रिक ॲसिड जस्तावर चढलं की निघणारा तपकिरी धूर छातीला वाईट असतो. खोली बंदिस्त असेल तर हट्ट धरू नका. जस्तासाठी मोरचूद आणि मीठ यांचं पाण्यातलं द्रावण चांगलं चालतं, तो घातक धूर होत नाही. फक्त तळाशी साचणारा तांब्याचा गाळ सारखा झटकावा लागतो आणि हातमोजे घालावे लागतात. ॲसिडच वापरणार असाल तर नेहमी पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. मोठे रोलर महाग असतात आणि प्रत्येक कॉलेजात नसतात. विभागात ते असतील आणि आडवे टेबलावर पडलेले दिसले तर समजा की कोणी लक्ष देत नाही. रोलर टांगून ठेवावा लागतो, नाहीतर टेकलेल्या जागी तो चपटा होतो आणि दर फेरीला पांढरा पट्टा उमटतो. कॉलेजात सोय नसेल तर पदवीनंतर बडोद्याचा ग्राफिक विभाग, भोपाळचं भारत भवन, अहमदाबादचं कनोरिया केंद्र, ललित कला अकादमीचा दिल्लीतला गढी स्टुडिओ यांची चौकशी करा. घाई नाही. रेड्डी पॅरिसला प्लेटवर बसले त्याआधी शांतिनिकेतन, मद्रास आणि लंडन झालं होतं.

सोय आहे असं धरून, पहिली प्लेट कशी करायची तेवढं सांगते. तळहाताएवढी ठेवा. रंगांचा विचार करू नका. तीन पातळ्या करा, त्यातली एक भिंत ॲसिडनं जशी उभी येईल तशीच राहू द्या आणि तिच्या समोरची भिंत स्क्रेपरनं उतरती करा. मग शाई न लावता नुसत्या ओल्या कागदावर ठसा घ्या. खिडकीपाशी, तिरप्या उजेडात धरा आणि डोळे मिटून बोटानं चाचपा. उभी भिंत आणि उतार यातला फरक बोटाला कळला की रंगात काय होणार ते आधीच समजतं. माझ्याकडे शिल्पकलेची मुलं येतात तेव्हा या टप्प्यावर ती चित्रकलेच्या मुलांपेक्षा फार लवकर पुढे जातात, कारण त्यांची बोटं आधीच तयार असतात.

दुसऱ्या खेपेला दोनच शाया. एक सैल, एक घट्ट. ‘इतके चमचे तेल’ असं माप मी देत नाही, कारण ते टिकत नाही. मे महिन्यात शाई आपोआप सैल होते, डिसेंबरात तीच शाई सुरीला धरून बसते. शिवाय प्रत्येक रंगद्रव्य तेल वेगळं पितं. म्हणून सुरीवर उचलून पाहा. सैल शाई काकवीसारखी सलग धार धरून ओघळली पाहिजे. घट्ट शाई सुरीवरून नीट सुटताच कामा नये. फारच सैल वाटली तर थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घाला. दोन्हींतला फरक जेवढा स्पष्ट तेवढे रंग वेगळे राहतील. रंग मिसळून चिखल झाला तर प्लेटला दोष देण्याआधी हा फरक तपासा. दहापैकी नऊ वेळा कारण तिथेच सापडतं.

थोडक्यात सांगायचं तर: एकाच प्लेटवर अनेक रंग येतात ते पातळ्यांमुळे आणि शाईतल्या तेलाच्या फरकामुळे. रेड्डींनी शिल्प सोडलं नाही, ते प्लेटमध्ये नेलं. आणि तुम्ही ग्राफिक घ्यावं, पण जोडविषय म्हणूनच. अर्जावर मुख्य विषय शिल्पकलाच राहू द्या, कारण प्लेटला जे द्यायचं ते तुम्हाला तिथूनच मिळणार आहे. सरांना पटवायचं असेल तर शाईशिवायचा तो पहिला ठसा त्यांच्या हातात द्या. ते शिल्पकार आहेत, बोट फिरवून पाहतीलच.

आणि प्लेट प्रेसवर ठेवण्याआधी चारही कडा कानशीनं तिरप्या घासून घ्या. धारदार कड तशीच राहिली तर कागद कापला जातो, आणि ब्लँकेट फाटलं तर पूर्ण विभागाचं काम थांबतं.